सातवं कलम

बर्लिन, ९ जानेवारी

आज तो माणूस पाहिला.

दोन वर्षं मला त्याची फक्त सही माहीत होती. आज तो माझ्यासमोर बसून खोकल्याची गोळी चघळत होता. हेनिंग पेटरसेन. जर्मन संरक्षण खात्यातला मोठा अधिकारी, पंचावन्नच्या आसपास, खांद्यातून वाकलेला, स्वेटरच्या कोपराला ठिगळ. मी मनात एक तरतरीत, गुर्मीतला माणूस रंगवून ठेवला होता. हा तर पोस्टातला कारकून वाटतो. मला त्याचाही राग आला. माझ्या भावाला मरू देणारा निदान दिसायला तरी कुणीतरी असायला हवा होता.

ओळख झाली तेव्हा त्याने हात पुढे केला. मी हात मिळवला. करणार काय? आमच्या फ्रेंच परराष्ट्र खात्याने मला दोन वर्षांसाठी इथल्या खात्याला उसनी दिली आहे. त्यांचा एक माणूस पॅरिसमध्ये आमच्याकडे बसतो, मी इथे त्यांच्याकडे. याला दोन देशांची मैत्री म्हणतात.

"तांगी," तो माझं नाव सावकाश म्हणाला. "सोलेन तांगी. ब्रिटनीकडच्या ना तुम्ही?"

"हो. दुआर्नने. बंदराचं गाव आहे."

"मी फ्लेन्सबुर्गचा. म्हणजे दोघंही खाऱ्या पाण्याची माणसं."

एवढं बोलून तो जरा जास्तच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. त्याला काही माहीत नाही. आमच्या भागात पत्र्याच्या डब्यात मावणार नाहीत इतके तांगी आडनावाचे लोक आहेत.

१० जानेवारी

राग थंड होऊ नये म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते.

तीन वर्षांपूर्वीचा १४ मार्च. वाळवंटातली आमची मोहीम. माझा भाऊ एर्वान तेव्हा सार्जंट होता, वय एकोणतीस. दुपारी तीन चाळीसला त्याची गाडी सुरुंगावर गेली. दोन्ही पाय गेले, पण तो शुद्धीवर होता, बोलत होता. आमची हेलिकॉप्टरं दुसऱ्या टोकाला गुंतलेली. जर्मनांचं दवाखान्याचं हेलिकॉप्टर मात्र चाळीस मिनिटांवर उभं होतं. पण त्यांच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या देशाच्या जखमींसाठी उडायचं तर बर्लिनची परवानगी लागते. संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी बर्लिनहून उत्तर आलं: परवानगी नाही. खाली सही, पेटरसेन. सातला एर्वान गेला.

दोन तास पंचवीस मिनिटं हे लोक विचार करत बसले होते.

तो सहीचा कागद माझ्याकडे आहे. लुशेरसाहेबांनी दिला. ते आता पॅरिसमध्ये माझे वरिष्ठ आहेत; तेव्हा ते तिकडच्या आमच्या मुख्य छावणीत राजकीय सल्लागार होते. शवपेटीबरोबर विमानातून तेच आले. आईजवळ बसून रडले. वर्षभराने एका कॅफेत त्यांनी तो कागद माझ्या पुढ्यात सरकवला. "एवढं एकच पान तुझ्या कामाचं आहे, सोलेन. बाकीचे सरकारी कागद वाचून डोकं दुखेल फक्त."

आज शपथ घेते. या माणसाची नोकरी, नाव, झोप, यातलं जे जे काढून घेता येईल ते मी घेणार.

२२ जानेवारी

मैत्रीदिन. कॅन्टीनमध्ये दोन्ही देशांच्या कागदी झेंड्यांची तोरणं, आणि आमच्या नावाने केलेलं एक अंड्याचं काहीतरी, ज्याला आमच्याकडच्या कुत्र्यानेही तोंड लावलं नसतं.

पेटरसेन ताट घेऊन थेट माझ्या टेबलावर. "मादाम, हा पदार्थ तुमचा. तेव्हा पहिला घास तुमचा."

"हा आमचा असेल तर मी नागरिकत्व सोडते."

तो एवढा हसला की त्याला खोकला लागला. मग पिशवीतून त्याने कागदात बांधलेला पाव काढला, आत खारवलेला हेरिंग मासा आणि कांदा, आणि अर्धा तोडून मला दिला. मी खाल्ला. चांगला होता. हे लिहितानाही माझी मलाच लाज वाटते.

खाता खाता त्याने विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आई."

"फक्त आई?"

"आता फक्त आई."

त्याने काटा खाली ठेवला आणि ताट उचलून गेला. अर्धं अन्न तसंच. जर्मन माणूस ताटात टाकतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

३ फेब्रुवारी

आज वाटाघाटींची पहिली बैठक. एप्रिलमध्ये दोन्ही सरकारं एकत्र बसणार, परराष्ट्र आणि संरक्षण धोरणावर संयुक्त घोषणा करणार. मसुद्यात बारा कलमं आहेत. अकरा कलमं नेहमीचीच, गुळगुळीत. सातवं वेगळं.

सातवं असं: एका देशाचा सैनिक जखमी झाला आणि दुसऱ्याचं हेलिकॉप्टर जवळ असलं, तर राजधानीला विचारायचं नाही. जागेवरच्या अधिकाऱ्याने दहा मिनिटांत ठरवायचं आणि उडायचं.

हे कलम पेटरसेनने लिहिलंय.

मला बसल्या जागी हसू फुटेल असं वाटलं. आधी माणूस मारायचा, मग नियम बदलायचा!

त्यांच्याच कायदा विभागातली बाई त्याच्यावर तुटून पडली. "आपली संसद हे चालवून घेणार नाही, हेनिंग. आपली माणसं कुठे उडतील हे कुणीतरी वाळवंटातला मेजर ठरवणार?"

"तो तिथे असतो," पेटरसेन म्हणाला. "आपण इथे असतो. जखमी माणूसही तिथेच असतो."

"दहा मिनिटंच का? तीस का नाहीत?"

"कारण मी तो हिशेब केलाय."

मग दुसरा परिच्छेद आला: गेल्या पाच वर्षांत अशी जी जी मागणी नाकारली गेली किंवा उशिरा पोचली, ती दोन्ही देशांनी मिळून मिनिट न् मिनिट तपासायची, आणि सगळे कागद उघडे करायचे. यावर आमच्या बाजूचे लोक अस्वस्थ झाले. मला कळेना, आपल्याला काय भीती?

५ फेब्रुवारी

लुशेरसाहेबांचा फोन. सातव्या कलमाचं ऐकून त्यांचा आवाजच बदलला.

"पहिला परिच्छेद ठीक आहे. पण दुसरा? सापळा आहे तो, सोलेन. आपल्या मेलेल्या पोरांवर चिखल उडवतील. म्हणतील, तुमचेच लोक चुकले."

"एर्वानवर?"

"एर्वानवरसुद्धा. अगं, तू त्यांना ओळखत नाहीस. बरं, वेळेबद्दल काही बोलला का तो? किती वाजता काय आलं वगैरे?"

"नाही."

"बोलला तर मला सांग. लगेच."

किती काळजी करतात ते. खात्यात एर्वानचं नाव अजून कुणाच्या तोंडी असेल तर यांच्याच.

१९ फेब्रुवारी

बैठकीनंतर पेटरसेन म्हणाला, जरा चालू या. कालव्याच्या कडेने गेलो. पाण्यावर बर्फाचे पापुद्रे होते.

तो मग एकदम म्हणाला, "मादाम तांगी, एखादी मागणी माझ्यासारख्याच्या टेबलावर येते, ती किती वाजता येते असं तुम्हाला वाटतं?"

म्हणजे याला माहीत आहे मी कोण ते! की सहज बोलला?

"पाठवणारा पाठवतो तेव्हा येत असेल," मी म्हणाले.

"बरोबर. पाठवणारा पाठवतो तेव्हा." तो थांबला. "मी तुम्हाला कागद दाखवू शकत नाही. त्यावर शिक्का आहे, आणि माझ्यावर शपथ. पण माणूस मोजायला बसला तर कागदाशिवायही मोजू शकतो. तुम्ही मोजलंय का कधी?"

"मी रोज मोजते."

"सुरुवातीपासून?"

मी तिथूनच मागे वळले. हे लोक असेच, मेलेल्या माणसाचाही कीस काढत बसतात. घड्याळाकडे बोट दाखवायचं आणि स्वतः मागे सरकायचं. परत येऊन लुशेरसाहेबांना कळवलं. त्यांनी मला तेच दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "आता उशीर करण्यात अर्थ नाही, सोलेन. ते पान आहे ना तुझ्याकडे?"

१४ मार्च

एर्वानच्या स्मृतिदिनाची प्रार्थना दुआर्ननेला झाली असेल. मला सुट्टी मिळाली नाही, खरं तर मी मागितलीच नाही. पेटरसेनसमोर बसून आजचा दिवस त्याच्या तोंडावर वाचायचा होता.

तो आलाच नाही. त्याची सेक्रेटरी म्हणाली, "दरवर्षी या तारखेला ते रजा घेतात. फोनही बंद असतो." होडीवर गेला असेल, दुसरं काय!

संध्याकाळी आईशी बोलले. म्हणाली, "तो तिबो आला होता गं, चर्चच्या दारात उभा होता. आत ये म्हटलं तर येईना. सारखं एकच, ताईला सांगा, वेळेबद्दल बोलायचंय."

तिबो म्हणजे एर्वानच्या तुकडीतला, रेडिओ सांभाळायचा. त्याचे मलाही दोन संदेश येऊन पडलेत. उत्तर देईन कधीतरी. तो फार पितो, आणि त्याचं रडणं झेलायची ताकद सध्या माझ्यात नाही. मला माझा राग अख्खा हवाय.

२८ मार्च

दिला.

सहीचा तो कागद, इथल्या एका दैनिकाच्या बातमीदाराला, वनस्पती उद्यानाच्या काचघरात, केळीच्या झाडाखाली. बाहेर शून्याखाली दोन, आत घामाच्या धारा. त्याने पान दोनदा वाचलं. "याच्या आधीची पानं?"

"नाहीत."

"मागणी केव्हा आली ते यावर नाही."

"नकार केव्हा आला ते आहे. माणूस केव्हा मेला ते मी सांगते."

त्याने मान हलवली आणि पान घडी करून खिशात ठेवलं.

३१ मार्च

पहिल्या पानावर! त्याचा फोटो, त्याची सही मोठी करून छापलेली, आणि मथळा: 'परवानगी नाही'. खाली आतल्या पानाचा मथळा: 'आता हाच माणूस मित्रराष्ट्राला मदतीचे धडे देतो'.

ऑफिसात कुजबुज, दारं उघडतायत, बंद होतायत. मी जागेवर बसून कॉफी प्यायले आणि दोन केक खाल्ले. कित्येक महिन्यांत मला अशी भूक लागली नव्हती. आईला फोन करून सगळं वाचून दाखवलं. ती रडली. म्हणाली, "माझ्या लेकराचा सूड घेतलास." मी म्हणाले, "अजून संपलं नाही."

२ एप्रिल

पेटरसेनला पदावरून दूर केलं. संसदेच्या समितीसमोर तो जेमतेम तीन मिनिटं बोलला. टीव्हीवर पाहिलं. "सही माझी आहे. निर्णय माझा होता. बाकीचे कागद उघडले तर बरं होईल, एवढीच माझी विनंती आहे." सदस्य ओरडत होते. त्याने स्वतःच्या बचावाचं एक वाक्यही काढलं नाही.

याने माझं समाधान व्हायला हवं होतं. पण अंगावर येणारा माणूस पाडण्यात मजा असते. हा तर उभा राहून मार खात होता.

लुशेरसाहेबांनी फुलं पाठवली. चिठ्ठीत: 'एर्वानला अभिमान वाटला असता.'

११ एप्रिल

घोषणा झाली. दोन्ही सरकारं, झेंडे, सैनिकी बँड, हस्तांदोलनं. बाराऐवजी अकरा कलमं. सातवं गेलं, दोन्ही परिच्छेदांसकट. ते लिहिणाऱ्याचंच तोंड काळं झालं म्हटल्यावर त्यांच्या बाजूने कुणी त्याला हात लावायला तयार नव्हतं, आणि आमच्या बाजूने लुशेरसाहेबांनी फार आग्रह धरला नाही.

कायदा विभागातली ती बाई जिन्यात भेटली. मला वाटलं ती खूश असेल. ती म्हणाली, "मी त्याच्याशी दोन महिने भांडले. बातमी छापून आली, त्याच्या आदल्याच आठवड्यात त्याने मला पटवलं होतं. मी हो म्हणणार होते." आणि गेली.

वाळवंटात आज आमची सातशे माणसं आहेत. त्यांची तीनशे. त्यांचा विचार मी आजपर्यंत केला नव्हता, हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार?

दुआर्नने, ३ मे

आठवडाभर आईकडे आलेय. सकाळी दार वाजलं. तिबो. प्यायलेला नव्हता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. हातात तेच वर्तमानपत्र, कुणीतरी त्याला भाषांतर करून दिलेलं.

"हे तू केलंस, ताई?"

"हो."

"मला विचारलं का नाहीस? मी रेडिओवर होतो. मी! किती निरोप पाठवले तुला!"

आई म्हणाली, "बस रे आधी. कॉफी घे."

"नको काकू. उभ्यानेच सांगतो, बसलो तर सांगायचं राहून जाईल." त्याने बोटांवर मोजलं. "तीन चाळीसला स्फोट. तीन बेचाळीसला माझा पहिला संदेश, आपल्याच मुख्य छावणीला: जर्मनांचं हेलिकॉप्टर मागवा. उत्तर आलं, थांब. चारला पुन्हा. थांब, वरून विचारतोय. साडेचारला मी शिव्या दिल्या. एर्वान ऐकत होता. म्हणाला, 'ओरडू नकोस रे, त्यांना वाईट वाटेल.' हसत होता, ताई, तेव्हाही. मागणी जर्मनांकडे गेली पावणेसहाला. पावणेसहाला! बर्लिनला पोचली पाच पंचावन्नला. त्यांनी दहा मिनिटांत उत्तर दिलं. तोवर वारा सुटलेला, धूळ, आणि साडेसहाला तिथे अंधार पडतो. त्यांचं यंत्र अंधारात तिथे उतरू शकत नाही."

"मग चार वाजता मागितलं असतं तर..."

"चार वाजता आभाळ काचेसारखं होतं. त्यांचा वैमानिक रेडिओवर स्फोटाचं ऐकून पाचव्या मिनिटाला यंत्रात जाऊन बसला होता. मागून मला भेटला तो. म्हणाला, तुम्ही विचारत का नव्हता? मी दोन तास बसून होतो."

मला प्रश्न विचारायचा नव्हता. आईने विचारला. "वरून म्हणजे कोण?"

"राजकीय सल्लागार. लुशेर. दोन दिवसांनी दोन्ही देशांच्या मंत्र्यांची भेट होती. आपण जर्मनांपुढे हात पसरलेला दिसायला नको, आपलं हेलिकॉप्टर मोकळं होईलच, असं त्याचं म्हणणं. आम्हाला गप्प राहायचा लेखी हुकूम होता. मी मोडायला हवा होता. म्हणून तर पीत होतो."

आई उठली, आतल्या खोलीत गेली, आणि दाराला कडी लावली.

४ मे

दोन तास पंचवीस मिनिटं. हा आकडा मी स्वतः या वहीत लिहिला होता. त्यातली दहा मिनिटं त्याची.

बाकीची ज्याची, त्याची फुलं मी पाण्यात ठेवली होती.

फ्लेन्सबुर्ग, ९ मे

पेटरसेनच्या बायकोने दार उघडलं. मी नाव सांगण्याआधीच म्हणाली, "तुम्हीच त्या. बातमीदाराने नाव सांगितलं नाही, पण माझा नवरा मूर्ख नाही. मागे आहे तो. मी तुम्हाला आत घेणार नाही."

परसात होडी उलटी करून तो तिचा तळ खरवडत होता. मला पाहून हात थांबले नाहीत.

"तिबो भेटला?" त्याने विचारलं.

"तुम्हाला तिबो माहीत आहे?"

"त्या दिवसाच्या कागदांतलं प्रत्येक नाव मला पाठ आहे."

"आणि माझं?"

"बर्लिनच्या नेमणुकीसाठी तुमचं नाव मीच सुचवलं, मादाम. पॅरिसने यादी पाठवली होती, तीत तुम्ही होता. मला वाटलं, बहीण असेल ती या कलमासाठी कुणाहीपेक्षा जास्त भांडेल."

मी म्हणाले, "मग सरळ का नाही सांगितलंत? लुशेरचं नाव का नाही घेतलंत?"

"शपथ होती. आणि भ्यालो. दोन्ही. म्हणून दुसरा परिच्छेद लिहिला. मी नाही तर कागद बोलतील म्हणून." त्याने पहिल्यांदा हत्यार खाली ठेवलं. "आणि सही माझीच होती, हे विसरू नका. चार माणसं यंत्रात, समोर धूळ. मी नाही म्हणालो. कदाचित ते पोचले असते. कदाचित पाच मेले असते. मला आजही माहीत नाही. त्याबद्दल तुम्ही माझी नोकरी घेतलीत, तर घेतलीत. मी भांडणार नाही. पण सातवं कलम माझं नव्हतं, मादाम. ते आत्ता तिथे जे आहेत त्यांचं होतं."

"मला काहीतरी बोला. शिव्या द्या."

"त्या ऐकायला आलात ना एवढ्या लांब? शिव्या ऐकल्या, रडलात, की थोडं हलकं वाटेल तुम्हाला." त्याने हत्यार उचललं. "ते मी तुम्हाला देणार नाही."

आणि पुन्हा खरवडायला लागला. मी फाटकाबाहेर येईपर्यंत तो आवाज थांबला नाही. सूड घ्यायला मी तीन वर्षं घेतली. याने उभ्या उभ्या घेतला.

पॅरिस, १६ जून

चौकशी समितीची मागणी मी स्वतः केली. अर्जात पहिल्या ओळीत लिहिलं: गुप्त कागद वर्तमानपत्राला मी दिला. त्यामुळे तो अर्ज फाडून फेकता आला नाही. गुन्हेगार स्वतः चालत आला तर दार उघडावंच लागतं.

तिबो साक्षीला आला. आईही हट्टाने आली.

बाहेरच्या लांब बाकावर लुशेर बसला होता. मला पाहून उठला, चेहऱ्यावर तीच माया. "सोलेन, अगं काय चालवलंयस? स्वतःला बुडवते आहेस तू."

"हो. पण एकटी नाही."

तो माझा दंड धरायला पुढे आला, तेव्हा आई मध्ये उभी राहिली. त्याच्या खांद्याएवढीच आहे ती. "खाली बसा," ती म्हणाली. "पळू नका. मला तुमचं तोंड नीट बघायचंय. मागच्या वेळी डोळ्यांत पाणी होतं, म्हणून दिसलं नाही."

तो बसला. ती त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली आणि अडीच तास त्याच्याकडे पाहत राहिली. तिबो सांगत होता, लुशेरने दोनदा जागा बदलली. दोन्ही वेळा तिने खुर्ची उचलून नेली.

आत अध्यक्षबाईंनी चष्मा पुसत विचारलं, "दोन प्रकरणं आहेत. तुमचं आणि त्यांचं. आधी कोणतं घेऊ?"

"माझं," मी म्हणाले. "त्याचं सुरू केलं की मला थांबता येणार नाही."

दुआर्नने, ४ ऑक्टोबर

बऱ्याच दिवसांनी वही उघडली.

मला खात्यातून काढलं. खटला झाला नाही, ती समितीची दया. आता बंदरावरच्या डबाबंद माशांच्या कारखान्यात जर्मनीची पत्रं मी लिहिते. पेटरसेनला परत बोलावलं नाही. मी त्याला तीन पत्रं टाकली. उत्तर नाही. चौथं टाकणार नाही.

कायदा विभागातल्या बाईने कळवलंय, नवा मसुदा फिरतोय. कलम परत आलंय, पण दहा मिनिटांची तीस झाली आहेत. तिबो म्हणतो, तीस तर तीस, ताई, आम्हाला एकशेवीस मिळाली होती.

लुशेरला वेळेआधी घरी बसवलं. निरोप नाही, पदक नाही, आणि त्या दिवसाचे सगळे कागद, तासांसकट, छापून आले. काल त्याचा फोन आला. बायको सोडून गेली, जुने मित्र रस्ता ओलांडून जातात, शेजारच्या बाईने पावाच्या दुकानात सगळ्यांसमोर विचारलं, तेच का तुम्ही? सांगता सांगता तो रडायला लागला. माझ्याकडून एखादा शब्द हवा होता त्याला. कुठलाही.

मी फोन ठेवला नाही. एक शब्दही बोलले नाही. खुर्ची ओढून बसले आणि तो थकेपर्यंत सगळं ऐकलं.

याने एर्वान येत नाही, सातशे माणसांची ती वीस मिनिटं येत नाहीत, आणि फ्लेन्सबुर्गचा तो माणूस मला कधी क्षमा करणार नाही, हे सगळं मला कळतं. लुशेरचं रडणं ऐकून बरं वाटणार नाही, असंही मला वाटलं होतं.

खोटं कशाला लिहू? वाटलं.